गळ कुठे टाकायचा ते मग, आधी काठ कोणाचा ते सांगा



या पावसाळ्यात मला चार-पाच जणांनी एकच प्रश्न विचारला. कोणी फोनवर, कोणी कार्यक्रमात भेटल्यावर. "ताई, तुम्ही पैनगंगेच्या काठच्या गावांत फिरता. मासे लागतील अशी एखादी चांगली जागा सांगा ना. गर्दी नसलेली." विचारणारे सगळे शिकलेले, नोकरीवाले, वाशिम-अकोल्याकडचे. हातात नवा रॉड, रीळ, डबीत रंगीत प्लास्टिकचे मासे. माणसं वाईट नाहीत. एक जण तर आपल्याच चळवळीतला, महापरिनिर्वाण दिनाला माझ्यासोबत चैत्यभूमीला आलेला. पण त्यांच्या प्रश्नातला 'गर्दी नसलेली' हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. नदीच्या काठावर गर्दी का नाही? गावात हजार-दीड हजार माणूस आहे, मजुरीला खाडा आहे, ताटात डाळ पातळ आहे, आणि शंभर पावलांवर माशांनी भरलेला डोह आहे. तरी काठ रिकामा? तो आपोआप रिकामा राहिला, की कोणी केला?

आधी त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, म्हणजे ताई विषय टाळते असं कोणी म्हणायला नको.

पैनगंगा बुलडाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगवते आणि आपल्या जिल्ह्यात रिसोड, वाशिम तालुक्यांच्या कडेनं हिंगोलीची हद्द धरत पुढे इसापूर धरणाकडे जाते. उन्हाळ्यात तिची धार तुटते आणि नदी डोहाडोहांत उरते. तेव्हा मासा शोधायचा म्हणजे आधी डोह शोधायचा. नदी जिथे वळते तिथे बाहेरच्या अंगाचा काठ पाणी खात जातं, खोली तिकडे असते. आतल्या अंगाला रेती साचते, तिकडे गळ टाकून बसाल तर नुसतं ऊन खाल. नाला जिथे नदीला मिळतो ते तोंड पहिल्या पावसात चांगलं, कारण शेतातून वाहून आलेले किडे-गांडुळं तिथे उतरतात, आणि गढूळ पाण्याची व निवळ पाण्याची जी शीव पडते तिच्या कडेला मासा उभा असतो. उंबर किंवा जांभूळ पाण्यावर वाकलेलं असेल तर त्या सावलीत फळ पडतं, मासा वाट बघतो. बॅरेजच्या खाली, दारातून पाणी पडतं तिथे पाण्यात हवा मिसळते आणि वर चढायला निघालेला मासा भिंतीशी अडून राहतो. तिथे मासे भरपूर, पण दार कधी उघडेल याचा भरवसा नाही. लेकरांना घेऊन तिथे बसू नका.

आता मासा कोणता हवा त्यावर जागा. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. (इथेही थर आहेत बरं का, पण ते तोंडाच्या ठेवणीवरून. कटल्याचं तोंड वर वळलेलं, मृगळाचं खाली. कोणत्याही धर्मग्रंथात त्याला आधार शोधावा लागत नाही.) मरळ काठच्या गवतात, शेवाळात. ती हवा घ्यायला वर येते, पाणी हळूच फुटतं, तेवढ्या खुणेवर नजर ठेवायची. मागूर आणि शिंगी चिखलात, दिवस मावळल्यावर. वाम दगडाच्या कपारीत, रात्री. आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, मरळीला छोटी बेडकी. पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पुरतो, दोनशे रुपयांचा रंगीत ठोकळा लागत नाही.

झालं. एवढंच आहे तुमचं स्पॉट शोधणं. यातलं एक अक्षर माझं नाही. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं, त्यात दोन वर्षांत नदीवर एक तासही झाला नाही. हे सगळं मला शिकवलं ते भोई समाजातल्या एका सत्तरीच्या आजोबांनी आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या निंदणीला जाणाऱ्या मावश्यांनी. सोयाबीन निंदून परत येताना या मावश्या नाल्यात जुनं लुगडं दोन्ही बाजूंनी धरून झिंगे आणि बारीक मासे गाळतात. पाव किलो निघालं तरी त्या रात्रीच्या भाकरीला कालवण होतं. मासेमारांची नोंद करायला आलेला माणूस विचारतो, "घरात मासेमार कोण?" मावशी म्हणते, "कोनी नाही बाप्पा." कारण तिच्या लेखी ती मासेमार नाहीच. ती फक्त निंदणीवरून घरी आली.

आता वादाचा पहिला मुद्दा. हेच ज्ञान आजोबांच्या तोंडून आलं की 'अनुभव', आणि शहरातल्या भावानं कॅमेऱ्यासमोर सांगितलं की 'टेक्निक'. आजोबा साठ वर्षं त्या वळणावर बसले, त्या डोहाचं नाव त्यांच्या आज्यापासून चालत आलं. भाऊ एक रविवार बसला आणि नकाशावर टाचणी मारून 'नवीन स्पॉट सापडला' म्हणून मोकळा झाला. कोलंबसानं अमेरिका शोधली तसं. तिथे आधीच माणसं राहत होती, एवढंच.

या टाचणीचं पुढे काय होतं ते सांगते. उन्हाळ्यातला डोह म्हणजे त्या दहा-बारा किलोमीटरच्या नदीतलं सगळं बियाणं एका ठिकाणी गोळा झालेलं असतं. पावसाळ्यात हेच मासे पसरतात, चढतात, अंडी घालतात. रिसोड तालुक्यातल्या एका डोहाची जागा मागच्या उन्हाळ्यात अशीच जगजाहीर झाली. पहिल्या आठवड्यात रॉडवाले आले. दुसऱ्या आठवड्यात तंगुसाची जाळी घेऊन लोक आले. त्यानंतर एका रात्री कोणीतरी मोटरपंपाच्या तारेवरून करंट सोडला. सकाळी बोटाएवढी पिल्लंसुद्धा पांढरी पोटं वर करून तरंगत होती आणि वस्तीतल्या बाया घमेली घेऊन ती उचलत होत्या. रॉडवाला भाऊ म्हणेल, मी तर एकच मासा धरला आणि फोटो काढून सोडूनही दिला. खरं आहे. करंट त्यानं लावला नाही. पण जागा त्यानं फोडली. आजोबांनी साठ वर्षांत ती कोणाला फोडली नव्हती, कारण पुढच्या वर्षीही त्यांना तिथेच बसायचं होतं. ज्याला पुढच्या रविवारी दुसऱ्या नदीवर जाता येतं, त्याला या डोहाचं पुढचं वर्ष दिसत नाही.

छंदाला माझा विरोध नाही. गावातलं पोरगंही शाळा बुडवून गळ टाकतं ते काही फक्त पोटासाठी नाही, त्यात मजा असतेच. गरिबानं मजा करू नये आणि श्रीमंतानं मात्र तिला छंद म्हणावं, ही वाटणी मला मान्य नाही. माझा विरोध टाचणीला आहे.

दुसरा मुद्दा थोडा लांबून येतो, पण आपल्या वाचकांना तो पटकन समजेल. हे रॉड-रीळचं शास्त्र आलं इंग्लंडातून. तिथे गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग आहेत. ट्राउट आणि सॅमन हे 'गेम', म्हणजे शिकारीच्या मानाचे मासे. बाकीचे सगळे, कार्प, ब्रीम, रोच, पाइक, हे 'कोर्स'. कोर्स म्हणजे भरड. मानाचा मासा जमीनदाराच्या नदीचा, भरड मासा गिरणी कामगाराच्या कालव्याचा, अशी ही वाटणी तिथल्या वर्गव्यवस्थेत मुरली. पाण्यात पोहणाऱ्या मुक्या जिवालाही वर्ण चिकटवायचा, ही बुद्धी फक्त आपल्याच देशातली नाही, हे कळून मला थोडं बरं वाटलं आणि जास्त वाईट वाटलं.

'भरड' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. ज्वारी-बाजरीला आपण भरडधान्य म्हणत आलो. गरिबाच्या भाकरीचं धान्य. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तीच ज्वारी 'श्री अन्न' होऊन मोठ्या हॉटेलांच्या ताटात गेली. ती पिकवणाऱ्याच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्याच्या नावापुढे मात्र अजून कोणी श्री लावलेला नाही. माशांचंही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. समुद्राचा मासा, महागड्या ताटाचा मासा. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या किती घरांत तो शिजतो? आमच्या आठवडी बाजारात कोकणाकडून आलेलं सुकट आणि बोंबील मिळतं, मजूर बाई तेच घेते. नदी घराजवळ आणि मासा पाचशे किलोमीटरवरून, तोही वाळलेला. मरळ, वाम, शिंगी यांना राज्य मासा करा असं माझं म्हणणं नाही. त्यांना निदान नदीत राहू द्या, आणि नदीकाठच्या माणसाला त्या नदीवर जाऊ द्या.

कारण खरा प्रश्न इथे आहे. जाऊ दिलं जातं का?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० वाचा. नद्या, ओढे, नाले, तलाव, वाहतं पाणी आणि साचलेलं पाणी, जे कोणा व्यक्तीच्या कायदेशीर मालकीचं नाही ते सगळं राज्याचं. इंग्लंडात भरतीचं पाणी पोचत नाही अशा नदीत मासे धरायचा हक्क साधारणपणे काठाच्या जमीनमालकाचा असतो. आपल्याकडे काठावर शेत आहे म्हणून पाण्यातला मासा शेतमालकाचा होत नाही. कागदावर आपण त्यांच्या पुढे आहोत. आणि काठावर?

दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या पोरांना तिथेच राहायचं आहे. आमच्या वस्तीतली तीन पोरं बॅरेजच्या खालच्या अंगाला गळ टाकून बसली होती. एक माणूस मोटरसायकलवर आला. "ए पोट्टेहो, कोनाले इचारून बसले इथं? ठेका हाय हा. चला, उठा." मग पुढचं वाक्य, जे वस्ती ऐकल्यावर येतंच: "तुमच्या लोकायले सगळं फुकट पाह्यजे." पोरांचे गळ काढून पाण्यात फेकले. ही पोरं मला सांगत होती तेव्हा त्यांना गळ गेल्याचं दुःख नव्हतं. त्यांना जे झोंबलं ते वेगळंच होतं. त्याच दिवशी, त्याच भिंतीवर, पन्नास पावलांवर शहरातून आलेले दोघं रॉड लावून बसले होते. त्यांना त्या माणसानं हात केला, चहा विचारला, आणि "साहेब, तिकडं खालच्या अंगाला बसा, तिकडं मोठा लागते," असं सांगितलं.

म्हणजे 'चांगली जागा' पाण्याच्या खोलीवर ठरली नाही. ती बसणाऱ्याच्या आडनावावर, कपड्यांवर आणि गाडीवर ठरली. एम. एन. श्रीनिवासांनी 'प्रबळ जात' ही संकल्पना मांडली ती जमीन, संख्या आणि सत्ता यांच्या जोरावर. मी त्यात नदीचा काठ घालते. ज्याची शेती काठावर, त्याची पायवाट, त्याची पायवाट म्हणून त्याची परवानगी, आणि परवानगी म्हणून पाणीही त्याचंच. कलम २० त्या पायवाटेच्या तोंडाशीच अडतं.

आणि हे नुसतं वाईट वागणं नाही, हा गुन्हा असू शकतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ यात २०१५ साली दुरुस्ती झाली. कलम ३(१) मधल्या यादीत स्पष्ट लिहिलं आहे की अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सामाईक मालमत्तेची संसाधनं इतरांच्या बरोबरीनं वापरायला किंवा नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव वापरायला अडवणं हा अत्याचार आहे. 'इतरांच्या बरोबरीनं' हे शब्द लक्षात ठेवा. ठेका होता तर तो सगळ्यांना लागू हवा. दोघांना चहा आणि तिघांना शिवी, हा ठेका होत नाही.

मी ठेक्याच्या विरोधात आहे असा कोणी अर्थ काढू नये. तलावात किंवा बॅरेजच्या साठ्यात संस्थेनं पैसे भरून मत्स्यबीज सोडलं असेल तर त्या पिकावर संस्थेचा हक्क आहे. भोई समाज भटक्या जमाती 'ब' मध्ये मोडतो, त्यातल्या बहुतेकांना शेती नाही, पाणी हेच त्यांचं शेत. त्यांच्या संस्थेचं नुकसान करून आमच्या पोरांना मासा नको. पण ठेका कुठपासून कुठपर्यंत? साठ्याचा ठेका भिंतीच्या खालच्या वाहत्या नदीला कसा लागू होतो? हद्द कोणी आखली? फलक कुठे आहे? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, संस्थेच्या सभासद यादीत जे भोई आहेत, ते नावापुरते आहेत की जाळं त्यांच्या हातात आहे? कागदावर संस्था मागासांची, पैसा भलत्याचा, माल उचलणारा व्यापारी बाहेरचा आणि सभासद त्याच पाण्यावर रोजंदारीनं जाळं ओढणारा, हा प्रकार आमच्या भागात नवीन नाही. ज्या आजोबांनी मला डोह शिकवला ते आयुष्यभर सभासद राहिले आणि आयुष्यभर मजूरच राहिले. मोटरसायकलवरून आलेला तो माणूस भोई नव्हता, हेही इथेच सांगते. बौद्धांच्या पोरांना भोयांच्या नावानं हाकलायचं, भोयांना बौद्धांच्या नावानं घाबरवायचं आणि मासा तिसऱ्यानं न्यायचा. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय ते बाबासाहेबांनी सांगून ठेवलं आहे. आमच्या बॅरेजवर ती रोज चालते.

सरकारी योजनांचं थोडक्यात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली. त्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान आहे. ऐकायला गोड. पण तळं खोदायला जमीन लागते, आणि उरलेले ४० टक्के उभे करायला पत. जिच्याकडे दोन्ही नाहीत ती बाई लुगड्यानंच झिंगे गाळणार. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. चांगलं झालं. आता नदीत हातानं मासा धरणाऱ्या भूमिहीनाला त्या शेतीतला शेतकरी म्हणा, मग बोलू.

आता आपल्याच लोकांकडे वळते, कारण सगळा राग बाहेरच्यांवर काढला की ब्लॉगला टाळ्या पडतात आणि वस्तीत काही बदलत नाही. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला सुनावलं. "बाबासाहेबांनी घाणेरडी कामं सोडायला सांगितलं आणि तू पोरांना गळ धरायला लावतेस? शिकू दे त्यांना." काकांचा मान ठेवून सांगते, हा युक्तिवाद उलटा आहे. १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं, मेलेल्याचं मांस खाणं आणि उष्टं मागणं सोडायला सांगितलं. का? कारण ते जातीनं लादलेलं होतं, मालक गावगाडा होता आणि मोबदला म्हणजे भीक होती. नदीतला मासा कोणाच्या दारात उभं राहून मागावा लागत नाही. आपल्या हातानं, आपल्या गळानं, राज्याच्या मालकीच्या पाण्यातून, कोणालाही 'जोहार' न घालता घेता येतो. लाचारीचं अन्न आणि हक्काचं अन्न यात फरक करायलाच तर आपण शिकलो. शिक्षण हवंच. पण पोरगं शाळेतून आल्यावर ताटात काही पडलं तर ते दुसऱ्या दिवशीही शाळेत जातं.

दुसरा आक्षेप पंचशीलाचा. पाणातिपाता वेरमणी. "तू रोज वंदना म्हणतेस, मग मासेमारीची बाजू कशी घेतेस?" प्रश्न योग्य आहे, मी तो झटकत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना गरज म्हणून मारणं आणि मारण्याची इच्छा म्हणून मारणं यांत भेद केला आहे. या कसोटीवर मावशीचं लुगडं आणि रॉडवाल्या भावाचा फोटो ठेवून बघा. भुकेसाठी धरलेला मासा एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला ओठात काटा रुतवून, दमवून, वजन करून, हसत फोटो काढून, 'बघा, मी त्याला जीवदान दिलं' म्हणून सोडलेला मासा. कोणता हात शीलाच्या जास्त जवळ आहे? मला उत्तर सोपं वाटत नाही, पण आपल्याकडे नेहमी पहिल्याच हाताला उपदेश होतो. ज्यांना मांस-मासा सोडायचा त्यांनी खुशाल सोडावा, मी त्यांच्या पाया पडेन. दुसऱ्याच्या ताटात डोकावून त्याला धम्म शिकवायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

आणि धम्माचंच काढलंत तर नदीपासून सुरुवात करू. बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसणं हे मानलं नाही. त्यांनी सांगितलं ते शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण. पाणी कोणी आधी घ्यायचं, किती घ्यायचं यावरून दोन गणराज्यं युद्धाला निघाली, सिद्धार्थानं संघात युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत मोजली. आपल्या परंपरेचा उगम नदीच्या वाटपाच्या प्रश्नात आहे. आणि आपण बुद्धविहारात रोहिणीची कथा सांगून बाहेर आलो की पैनगंगेचा विषय 'किरकोळ' होतो.

चवदार तळ्याचंही असंच केलंय आपण. १९२३ चा बोले ठराव, १९२७ चा सत्याग्रह, १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल, हे सगळं आपल्याला पाठ आहे. दर २० मार्चला आपण ओंजळीनं पाणी पिण्याचं चित्र लावतो. बाबासाहेब मात्र ओंजळीपाशी थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना त्यांनी दामोदर, महानदी यांसारख्या नद्यांच्या बहुउद्देशीय योजनांचा पाया घातला. नदी म्हणजे वीज, सिंचन, वाहतूक, रोजगार. पाणी पिण्याचा हक्क मिळाल्यावर पाण्यातून पोट भरण्याचा हक्क, हा पुढचा टप्पा त्यांना दिसत होता.

शेवटचा आक्षेप शिकलेल्यांचा असतो. "सगळ्यांना मोकळं केलं तर नदीत मासा उरेल का?" गॅरेट हार्डिननं १९६८ मध्ये हेच लिहिलं, सामाईक कुरण सगळे मिळून उजाड करतात. आमच्या वर्गात हा लेख वेदवाक्यासारखा शिकवला गेला. एलिनॉर ऑस्ट्रॉमनं उत्तर दिलं की वापरणारे लोक एकत्र बसून नियम करतात, स्वतः राखण करतात, तिथे सामाईक साधनं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्या कामासाठी तिला २००९ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. आमच्या आजोबांना तो मिळाला नाही, पण नियम त्यांनाही माहीत होते. पहिल्या पुरात चढणीचा मासा अंड्यांनी भरलेला असतो, तेव्हा चार दिवस जाळं नाही. मरळीसोबत लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर त्या मरळीला गळ नाही, कारण राखणदार उचलला की पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात. उन्हाळ्यातला एक तरी डोह बिनहाताचा सोडायचा. सुरुंग आणि विष तर भारतीय मत्स्य अधिनियमानं १८९७ पासून गुन्हा ठरवलं आहे. ज्या इंग्लंडातून हा रॉड आला तिथे नद्यांवर १५ मार्च ते १५ जून भरड माशालासुद्धा हात लावता येत नाही. आमच्या छंदी भावांनी रॉड आणला, रीळ आणलं, रंगीत आमिष आणलं. बंदीचे तीन महिने तेवढे तिकडेच राहिले.

आणि डोहच उरला नाही तर नियम कशाला लावायचे, हेही बोललं पाहिजे. रेती उपसणारा ट्रॅक्टर रात्री नदीत उतरतो तेव्हा त्याला "कोनाले इचारून" असं कोणी म्हणत नाही. वळणाची ठेवण मोडते, खोली भरून जाते, साठ वर्षांचं नाव असलेला डोह एका हंगामात सपाट होतो. सोयाबीनवर मारलेलं औषध पहिल्या पावसात नाल्यातून तिथेच उतरतं. गळ टाकणाऱ्या तीन पोरांनी हे केलेलं नाही.

तेव्हा जागा विचारणाऱ्या माझ्या मित्रांना माझं उत्तर असं: तुम्हाला एक जागा दाखवते, पण त्या दिवशी आमची तीन पोरं तुमच्या शेजारी बसतील. त्यांना कोणी उठवायला आलं तर तुम्हीही उठायचं नाही. जागेची टाचणी कुठेही टाकायची नाही. आणि गळ गुंडाळून गाडीला किक मारण्याआधी एका कागदावर सही करायची.

तो कागद माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. नमुना 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ. द्यायचा वाशिमच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे. उत्तराची मुदत तीस दिवस. मागायची माहिती अशी: पैनगंगा नदीवरील कोणकोणत्या बॅरेजचा व तलावाचा मासेमारी ठेका कोणत्या संस्थेला, किती वर्षांसाठी दिला आहे, प्रत्येक ठेक्याची हद्द दाखवणारा नकाशा, भिंतीखालचा वाहत्या नदीचा भाग ठेक्यात आहे किंवा नाही, संस्थेची सभासद यादी व मागील तीन वर्षांत सोडलेल्या मत्स्यबीजाच्या नोंदी, आणि ठेक्याच्या हद्दीचे फलक कोणत्या तारखेला, कुठे लावले. पहिला अर्ज आमच्या वस्तीतून चालला आहे. ज्यांच्या गावाला नदी लागते त्यांनी आपापल्या बॅरेजचं नाव घालून दुसरा करावा.